दुपारी सव्वादोनचा भूकंप

यंदाचा आपला प्रोजेक्ट माणसांचे जीव वाचवणार आहे, असं गीतांजलीने जेवताना जाहीर करून टाकलं. ती नववीत होती, आणि आजवर तिच्या एकाही प्रोजेक्टने कुणाचं काही वाचवलं नव्हतं. सहावीतली पवनचक्की बाबांनी केली होती, सातवीतली पचनसंस्था आईने रंगवली होती, आणि आठवीतला पाण्याचा फिल्टर तर दुकानातून तयारच आला होता. गीतांजलीचं काम एवढंच, की ती वस्तू ऑटोतून न मोडता शाळेत न्यायची आणि कुणी विचारलं तर "खुद बनाया" म्हणायचं.

पण यंदा विज्ञानाच्या साहू मॅडमनी ती सोय बंद केली होती. सामान घरातलं पाहिजे, हात स्वतःचे पाहिजेत. यंत्र सात दिवस घरी चालवून रोज वहीत नोंद करायची. आणि वहीच्या शेवटच्या पानावर लिहायचं, आपलं काय चुकलं आणि आपल्याला काय समजलं. "और ये मत लिखना कि सब अच्छा हुआ," मॅडम म्हणाल्या होत्या. "मैं पढ़-पढ़के थक गई हूँ."

गीतांजलीने भूकंपाचा अलार्म करायचं ठरवलं. लाकडी चौकटीतून एक तांब्याची तार खाली सोडायची, तिच्या टोकाला लोखंडी नट लटकवायचा. तार एका धातूच्या कड्याच्या बरोबर मधून जाईल, पण कड्याला शिवणार नाही. जमीन हलली की नट झुलेल, तार कड्याला टेकेल, सर्किट पुरं होईल आणि घंटी वाजेल. कडं म्हणून आजीची जुनी पितळी बांगडी मिळाली. घंटी म्हणून एका बिघडलेल्या खेळण्यातला बजर काढला.

जबलपुरात, चेरीतालच्या एका तीनमजली इमारतीत बोंद्रे मंडळी मधल्या मजल्यावर राहत. बाबा योगेंद्र आणि आई शर्मिला दोघंही नोकरीवर जात, त्यामुळे यंत्राची पहिली परीक्षा आजोबांनी, म्हणजे आबाजींनी घेतली. रामराव बोंद्रे फॅक्टरीतून सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले होते, आणि घरात अजून तरी निवृत्त झाले नव्हते. गीतांजलीने चौकट हलवून दाखवली. बजर डासासारखा कुणकुणला.

"हे वाजून राहिलं का?" आबाजींनी विचारलं.

"हो."

"एवढ्यानं तर मांजरही उठणार नाही, बेटा. माणूस काय उठते."

त्यांना भूकंपाचा अधिकार होता. सत्त्याण्णवच्या मे महिन्यात जबलपूरला भूकंप झाला तेव्हा ते याच भागात भाड्याच्या घरात राहत होते. त्या रात्रीची हकीकत ते दर उन्हाळ्यात एकदा तरी सांगत, आणि इमारतीतल्या सगळ्यांना ती पाठ होती. गीतांजलीने या वेळी ती वही घेऊन नीट लिहून घेतली.

"सगळं घर हलून राहिलं होतं," आबाजी म्हणाले. "मी उठलो. घाई नाही केली. पहिले तुझ्या बापाले उठवलं. मंग तुझ्या आजीले. दोघांले पुढं घातलं, गॅस बंद केला, अन् सगळ्यात शेवटी मी निघालो. भूकंपात डोकं शांत ठेवा लागते. बाकी काही नाही."

आजी, भानुमती, जवळच मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

गीतांजलीने हे सगळं चार्टवर हिंदीत सुंदर अक्षरात उतरवलं. वर मथळा लिहिला, 'प्रत्यक्षदर्शी का बयान', आणि शेजारी आबाजींचा फॅक्टरीच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून चिकटवला. मग बाबांच्या मागे लागून एका ओळखीच्या दुकानातला, शटरला लावतात तसला जुना हूटर मिळवला. तो पहिल्यांदा वाजला तेव्हा आजीच्या हातून पोळी उलटायची राहून गेली. आबाजींचं मात्र समाधान झालं.

सोमवारपासून यंत्र बैठकीच्या कोपऱ्यात, टीव्हीच्या शेजारी बसलं. सोमवारची नोंद, शून्य. मंगळवारची, शून्य. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, तेच. गीतांजली शाळेतून येऊन आधी यंत्राकडे बघायची आणि मग दप्तर ठेवायची. भूकंप झाला नव्हता ही शहराच्या दृष्टीने चांगली गोष्ट होती, पण वही फारच रिकामी दिसत होती.

"झोपलं तुझं यंत्र," आबाजी शुक्रवारी म्हणाले. "सात दिवस शून्य लिहून नेशील तर मॅडम म्हणतील पोरीनं घरी काहीच नाही केलं."

हे गीतांजलीच्या मनाला लागलं, कारण तिलाही तेच वाटत होतं. शनिवारी तिने बांगडी काढली आणि तिच्या जागी किल्ल्यांचं कडं बसवलं. कडं इतकं लहान होतं की तार आणि ते यांच्यात जेमतेम कागद सरकेल एवढी फट उरली. हे तिने वहीत लिहिलं नाही. कागदावर यंत्र तेच होतं.

रविवारी आई-बाबा एका लग्नाला नरसिंहपूरला गेले. दुपारी जेवणं झाली, आजी स्वयंपाकघरात दूध तापवत उभ्या होत्या, आणि आबाजी आरशासमोर मिशी काळी करायला बसले. हे त्यांचं दर रविवारचं काम. गीतांजली कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली. बोंद्र्यांच्या बरोबर वर तिवारी आंटी राहत. त्यांनी गॅसवर कढईत तेल ठेवलं होतं, आणि ते तापेपर्यंत फरशीवर बसून लोखंडी खलबत्त्यात धणे कुटायला घेतले होते.

सव्वादोन वाजता हूटर वाजला.

गच्चीवर गीतांजलीला आधी आनंद झाला. वाजला, म्हणजे चालतो. मग तिच्या लक्षात आलं की तो वाजला याचा अर्थ काय होतो, आणि तिच्या हातातला ओला टॉवेल खाली पडला. तिला पायाखालची गच्ची हलल्यासारखी वाटली. अगदी स्पष्ट. तिने टाकीचा पाइप घट्ट धरला. दोन क्षण तशीच उभी राहिल्यावर तिला सुचलं, टाकीत पाहावं. झाकण सरकवून तिने आत पाहिलं. पाणी आरशासारखं स्तब्ध होतं. त्यात तिचा चेहरा दिसत होता, आणि तो चेहरा काही हलत नव्हता.

ती जिन्याने खाली धावली. तिवारी आंटींचं दार सताड उघडं होतं. तिने आत बघितलं नाही. आपल्या घराचंही दार उघडंच होतं. हूटर कान फाडत होता. तिने आधी त्याची वायर उपटली. मग पाहिलं तर आजी एका हातात घराची किल्ली आणि दुसऱ्या हातात आबाजींची औषधाची पिशवी घेऊन पलंगाखाली वाकून बघत होत्या. गॅस त्यांनी बंद केला होता.

"आजी, काय करताय?"

"तुझे आबाजी सापडून नाही राहिले," आजी म्हणाल्या. "बाथरूमही पाहिलं. त्यायले सोडून कशी जाऊ?"

गीतांजलीने खिडकीतून खाली पाहिलं. समोरच्या मैदानात, जिथे लग्नाचे मांडव पडतात, तिथे इमारतीतली बहुतेक सगळी माणसं गोळा झाली होती. शेजारच्या इमारतीतलीही आली होती. आणि त्यांच्या मधोमध, प्लास्टिकच्या खुर्चीवर, बनियन आणि लुंगीत आबाजी बसले होते. मिशीची डावी बाजू काळीभोर झाली होती, उजवी पांढरी राहिली होती. हातात रंगाचा छोटा ब्रश तसाच होता.

त्या दोघी खाली पोचेपर्यंत मैदानात बरंच काही ठरून गेलं होतं. तळमजल्यावरचे दुबेजी म्हणत होते की त्यांनी स्वतः पंखा हलताना पाहिला. कुणी म्हणालं, कपाट सरकलं. तिवारी आंटी तर छातीवर हात ठेवून सगळ्यांना सांगत होत्या, "पूरा फर्श हिल रहा था, भैया. मैं नीचे बैठी थी न, मुझे तो सबसे पहले पता चला."

त्यांच्या हातात अजून बत्ता होता. गीतांजलीने त्या बत्त्याकडे पाहिलं, मग आपल्या घराच्या छताचा विचार केला, आणि तिला सगळं समजलं.

"बोंद्रे साहब, अब क्या करें?" दुबेजींनी विचारलं.

आबाजींनी आभाळाकडे पाहिलं. "छह के ऊपर का होगा," ते म्हणाले. "मुझे अनुभव है. आधे घंटे में दूसरा झटका आता है. कोई अंदर नहीं जाएगा."

कुणीही आत गेलं नाही. माणसं त्यांच्याभोवती आणखी जवळ सरकली. गीतांजलीने त्यांना इतकं महत्त्वाचं झालेलं कधी पाहिलं नव्हतं. घरात त्यांचं बोलणं ऐकताना सगळे दुसरं काहीतरी करत असत. इथे वीस-पंचवीस माणसं हात बांधून ऐकत होती. ती त्यांच्या खुर्चीजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "आबाजी, ऐका न. भूकंप नाही आहे."

"घाबरू नको, बेटा."

"मी घाबरून नाही राहिली. माझं यंत्रच—"

"तुझ्या यंत्रानंच तर वाचवलं," आबाजी मोठ्याने म्हणाले, आणि सगळ्यांना हिंदीत सांगितलं की या पोरीने अलार्म केला आहे. लोकांनी गीतांजलीकडे कौतुकाने पाहिलं. दुबेजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिवारी आंटी म्हणाल्या, "जुग-जुग जियो, बेटी." तिला बोलायचं होतं. पण अर्धा तास गप्प राहिलं की सगळे आपापल्या घरी जातील, असा विचार तिच्या मनात आला. आबाजींचाही मान राहील. हे तिने नंतर शेवटच्या पानावर लिहिलं, आणि लिहिताना ते वाक्य तिने दोनदा खोडलं.

तेवढ्यात आजींनी वर पाहिलं. "त्या खिडकीतून काय निघून राहिलं?"

तिवारींच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून काळसर धूर येत होता.

आंटींच्या हातून बत्ता पडला. "मेरी कढ़ाई," म्हणत त्या धावल्या. आबाजींनी हात आडवा केला. "नहीं, बहनजी. दूसरा झटका कभी भी आ सकता है." आंटी थांबल्या. सगळेच थांबले. धूर दाट होत होता आणि कुणी हलत नव्हतं, कारण अनुभव असलेल्या माणसाने सांगितलं होतं.

"झटका नहीं आएगा," गीतांजली म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "पहला भी नहीं आया था. आंटी धनिया कूट रही थीं, उससे मेरा अलार्म बजा. मैंने छल्ला बदल दिया था. भूकंप हुआ ही नहीं."

आणि कुणी काही म्हणायच्या आत ती जिन्याकडे पळाली.

कढईतल्या तेलातून धुराचे लोट उठत होते, पण तेलाने पेट घेतला नव्हता. तिने गॅसचं बटण बंद केलं, कढईवर परात झाकली, खिडकीची दुसरी फळी उघडली आणि खोकत बाहेर आली. जिन्यात तिला आजी भेटल्या, धापा टाकत, पदर नाकाला लावून. त्या तिच्या मागोमाग निघाल्या होत्या. "झालं?" त्यांनी विचारलं. "झालं," गीतांजली म्हणाली, आणि तिथेच पायरीवर बसून रडली.

खाली उतरल्यावर जे ऐकायचं होतं ते तिने ऐकलं. तिवारी आंटींची भिंत काळी झाली होती. दुबेजींनी आपल्या आजारी आईला खुर्चीसकट उचलून आणलं होतं आणि आता तसंच परत न्यायचं होतं. शेजारच्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी तर नातेवाइकांना फोनही करून टाकले होते. सगळे रागावले, आणि ते बरोबरच होतं. फक्त एक गोष्ट तिच्या लक्षात आली. तिच्यावर भरपूर रागावून झाल्यावरही दुबेजी म्हणाले, "पर पंखा तो हिला था." आणि तिवारी आंटी जिना चढताना पुटपुटत होत्या, "थोड़ा-सा झटका आया तो था."

मैदान रिकामं झालं तरी आबाजी खुर्चीवर बसून होते. मग उठले, वर आले, तोंड धुतलं. रंग जास्त वेळ राहिल्यामुळे मिशीखालची कातडी लाल झाली होती. संध्याकाळी चहा घेतला नाही. चार्ट भिंतीला टेकवून ठेवला होता, त्यावरचा आपला फोटो त्यांनी एकदा बघितला आणि दुसऱ्या खोलीत निघून गेले.

"आजी," गीतांजलीने कणीक मळणाऱ्या आजीला विचारलं, "सत्त्याण्णवलाही असंच झालं होतं का?"

"तेव्हाही पहिले तेच बाहेर," आजी म्हणाल्या. "मी उठून पाहतो तं पलंग रिकामा. तुझा बाप पंधरा वर्षांचा, तो घोरून राहिला होता."

"मतलब, त्यांनी तुम्हाला सोडलं?"

"सोडलं. अन् मंग परत आले." आजींनी परातीतून हात काढला. "बाहेर गेल्यावर त्यायच्या ध्यानात आलं आम्ही नाही म्हणून. माती पडून राहिली होती वरून. लोक धरून राहिले होते त्यायले, जाऊ नका म्हणून. तरी आत आले. मले हाताले धरून ओढलं, तुझ्या बापाले लाथ मारून उठवलं."

"मग हे काहून नाही सांगत ते?"

"हे सांगायचं तं पहिले पळालो ते सांगा लागते न," आजी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी गीतांजली शेवटचं पान लिहायला बसली. काय चुकलं, हे लिहिणं सोपं नव्हतं. तिने लिहिलं की यंत्राने चूक केली नाही, मी केली. सात दिवस शून्य येणं हेच खरं उत्तर होतं, पण मला ते आवडलं नाही, म्हणून मी कडं बदललं आणि नोंद केली नाही. मला यंत्र वाजायला हवं होतं, भूकंप झाला की नाही याच्याशी मला काही घेणं नव्हतं. मग तिने इमारतीत घरोघर जाऊन, माफी मागून, प्रत्येकाला विचारलं की तुम्हाला काय जाणवलं होतं. चौदा जणांपैकी अकरा जणांनी झटका जाणवला असं सांगितलं. तिने तेही लिहिलं, आणि पुढे, बारावी मी.

उरला चार्ट. आबाजींचं बयान तिने काढून टाकायचं ठरवलं आणि फोटोचा कोपरा नखाने उचकटायला लागली.

"राहू दे," आबाजी मागून म्हणाले. ते कधी येऊन उभे राहिले तिला कळलं नव्हतं. "बयान बदल."

"काय लिहू?"

ते खुर्ची ओढून बसले. आजी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांना पाहून आबाजी थोडे अडखळले. "लिही. मी पहिले पळालो. मागचं पुढचं काही दिसलं नाही. बाहेर आल्यावर बायको अन् पोरगा आठवले. मंग परत गेलो." त्यांनी चार्टवर बोट ठेवलं. "अन् काल परत नाही गेलो, तेही लिही."

"काहून नाही गेलात, आबाजी?"

"लोक ऐकून राहिले होते न," ते म्हणाले.

आजी आत निघून गेल्या. थोड्या वेळाने चहाचा कप आणून त्यांनी आबाजींच्या हातात दिला आणि दुसऱ्या खुर्चीवर बसल्या. गीतांजली लिहीत होती.

प्रदर्शनाच्या दिवशी आबाजी सकाळीच तयार झाले. इस्त्रीचा शर्ट, दोन्ही बाजूंनी सारखी मिशी. आजीही सोबत निघाल्या. शाळेत हूटरला परवानगी नव्हती, त्याच्या जागी छोटा लाल दिवा लावला होता आणि चौकटीत पुन्हा बांगडी. आबाजी टेबलामागे ताठ उभे राहिले. त्यांच्या कपाळावर घाम होता. गीतांजलीला वाटलं, सोबत येऊ नका असं म्हणायला हवं होतं.

परीक्षक कुठल्याशा कॉलेजातले प्राध्यापक होते. त्यांनी यंत्र पाहिलं, वही पाहिली, चार्टपाशी आले. ते वाचायच्या आत आबाजी बोलायला लागले, आणि त्यांचा आवाज कापत होता. "सर, ये मैं हूँ. मैं भागा था. बीवी-बच्चे को सोता छोड़के. बाद में वापस गया."

"अच्छा," परीक्षक म्हणाले. "जी, सब भागे थे. मैं तो नर्मदा रोड तक भागा था." मग गीतांजलीकडे वळून विचारलं, "बेटा, ये तार कितने नंबर का है?"

तिने सांगितलं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि ते पुढच्या टेबलावर ठिबक सिंचन बघायला गेले.

आबाजी त्यांच्या पाठीकडे पाहत राहिले. "त्यानं ऐकलं न, मी काय म्हटलं ते?"

"ऐकलं, आबाजी."

"काहीच नाही म्हटलं."

"काय म्हणणार?" आजी म्हणाल्या. "बसा आता, पाय दुखतील."

ते बसले नाहीत. थोड्या वेळाने एका मुलीचे आईवडील टेबलाशी आले, त्यांनाही आबाजींनी सांगितलं. मग आणखी काही जणांना. हळूहळू आवाजातली थरथर गेली, हातवारे सुरू झाले. गीतांजलीला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, आणि साहू मॅडमनी शेवटच्या पानावर फक्त 'पूरा पढ़ा' असं लिहून सही केली. दुपारी सामान आवरताना तिने ऐकलं, आबाजी शिपायाला तीच हकीकत सांगत होते. या वेळी ते परत घरात शिरताना वरून माती नव्हे, विटा पडत होत्या, आणि पोराला त्यांनी खांद्यावर घेतलेलं होतं.

"पंधरा वर्षांचा होता तो," आजी गीतांजलीला हळूच म्हणाल्या. "पण सांगू दे."